पिवळ्या दोऱ्याची उशी

"आई, येताना माझी उशी आण."

तेजलचा आवाज फोनमधून असा येत होता, जणू पोरगी विहिरीच्या तळाशी बसून बोलतेय. भागुबाईनं फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"कंची उशी गं?"

"माझी. ती बुटकी, पिवळ्या फुलांची. इथली नुसता दगड आहे."

"दुसरी आनते की चांगली. मऊ."

"मला तीच पाहिजे."

"बरं बाई. बाळ कसंय?"

पलीकडं कुणीतरी बादली फरफटत नेली. तो आवाज गेला. मग तेजल म्हणाली, "पेटीतच आहे. नळी काढलेली नाही. डॉक्टर म्हणतात, बघू." आणि वर, "उशी विसरू नकोस." फोन बंद.

भागुबाई फोन हातात धरून दिवाणाकडं बघत राहिली. उशी तिथंच होती, कोपऱ्यात, शहाण्या पोरीसारखी बसलेली. त्या उशीत कापूस नव्हता.

तसा तिच्या घरातल्या कुठल्याच उशीत नव्हता. हनुमंताच्या डोक्याखालची एक सोडली, तर लोड, तक्के, उशा, सगळ्यांच्या पोटात आहेर भरलेला.

लोणावळ्यात भुशीकडं चढणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला बैठी चाळ आहे, तिथं तिचं घर. एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. हनुमंत रेल्वेत गँगमन होता, घाटातले रूळ सांभाळता सांभाळता गुडघे घालवून घरी बसला. भागुबाई वरच्या एका रिसॉर्टवर खोल्या आवरायला जायची. तिथले चादरी-टॉवेल विटले की बायका त्यावर तुटून पडायच्या. भागुबाई फक्त उशांच्या खोळी मागायची. बायका हसायच्या. "भागूमावशीच्या घरी किती डोकी हायेत गं?"

या खोळींचं मूळ पवनानगरकडच्या एका लग्नात होतं. चुलतभावाच्या पोराचं लग्न, निरोप आला अगदी आदल्या दिवशी, आणि घरात द्यायला काही म्हणजे काही नव्हतं. नवराबायको तसेच गेले, रिकाम्या हातांनी. मांडवात माईकवर आहेर पुकारत होते. अमक्याकडून पातेलं, तमक्याकडून पूर्ण पोशाख. पुकारणाऱ्याला हनुमंत दिसला. गडी मिस्कील. म्हणाला, "आणि लोणावळ्याच्या भावजींकडून... हजेरी!" मांडव हसला. हनुमंतही हसला. भागुबाई मात्र पंगतीत बसली नाही, आणि त्या दिवसापासून कधीही कुणाच्या दारात हात हलवत गेली नाही.

सण सरला की दुकानांतला माल स्वस्त होतो, तेव्हा ती घ्यायची. साडी, टॉवेल-टोपी, पोरांचे कपडे. पण ठेवायचं कुठं? एवढीशी खोली. पिशव्या दिसल्या की हनुमंताचा जीव गुदमरायचा. "घर हाय का मालधक्का?" म्हणायचा. मग तिला खोळी सुचल्या. घडी बारीक करायची, कडुलिंबाचा पाला घालायचा, वर जुनं मऊ लुगडं गुंडाळायचं, की लोड तयार. खोली कशी लख्ख. भांड्यावर भांडं नाही, खुंटीला पिशवी नाही. खोळीच्या कोपऱ्यात एक टाका मारायचा. लाल दोरा म्हणजे लग्न, निळा म्हणजे घरभरणी, पिवळा म्हणजे बारसं. शेजारच्या धोंडाबाई टीव्ही बघायला यायच्या आणि ज्या लोडाला टेकून बसायच्या, त्यात त्यांच्याच नातसुनेची साडी असायची.

"या घरात बसायची चोरी," हनुमंत म्हणायचा. "कुनाच्या लग्नावर बसलोय त्येच समजत न्हाई."

तेजलला दिवस गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात भागुबाईनं झबली, टोपडी, दुपटी, पायमोजे असं सगळं आणलं. धोंडाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं भागू, बाळाचं आधी घेत न्हाईत! नजर लागती."

"आमच्यात असलं काय नसतं, मावशी," भागुबाई ठणकावून म्हणाली होती. आणि खरंच नसतं. तिच्या सासऱ्यांनी छपन्न साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव, दोरे, गंडे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. पावसाळ्यात वर्षावासाला विहारात बायका जमतात, तिथं लिंबू-मिरचीवर बोलायची वेळ आली की सगळ्या भागुबाईलाच पुढं करायच्या. बाळाचे कपडे तिनं छोट्या खोळीत भरले, पिवळा टाका घातला, झालं.

सातवा लागताच तेजल माहेरी आली. तळेगावजवळ वराळ्याला प्रज्ञेशचं, तिच्या नवऱ्याचं, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट सदा बंद. आली तीच पाठ धरून. दिवाणावरून नेमकी तीच उशी ओढून कमरेखाली घेतली.

"ती नगं," भागुबाई म्हणाली, "ती पाव्हन्यांची हाय."

"मग मी कोण आहे? आलेय ना चार दिवसांची पाहुणी!"

उशी तिच्याकडंच राहिली. आणि सातवा सरायच्या आत, एका सकाळी, तेजलनं ओट्याला घट्ट धरलं आणि आईला हाक मारली.

मूल झालं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. रडली ती सुद्धा मांजरीच्या पिल्लासारखी, एकदाच. तळेगावच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीच्या खोलीबाहेर विहीणबाई, येसूबाई, भागुबाईच्या शेजारी येऊन बसल्या. त्याही बौद्धच, त्याही विहारात जाणाऱ्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "आपल्यात मानत न्हाईत, पर... आधी काय घेऊन ठेवलं न्हवतं ना वं?"

"छ्या! न्हाई वं," भागुबाई म्हणाली.

ते 'पर' मात्र तिच्या कानात अडकलं. आयुष्यभर विहारात जे बोलली, ते सगळं एका बाजूला आणि हे एवढंसं 'पर' एका बाजूला. झोपताना 'पर', भाकरी थापताना 'पर'. आपण मानत नाही, पर आपल्यामुळं असेल तर?

आणि आता पोरगी म्हणत होती, तीच उशी आण. म्हणजे ते सगळं उचलून नेऊन बाळाच्या पेटीच्या भिंतीला टेकवायचं!

भागुबाईनं कात्री घेतली. दार लोटलं. कचाकच टाके तोडले.

"काय चाललंय?" हनुमंत मोरीतून बाहेर आला, तोंडाला साबण तसाच.

"काय न्हाई. उशी बदलतीया."

त्यानं दिवाणावर पडलेली टोपडी पाहिली. मग टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला, "भागे, तू? तू सुदिक?"

"मला काय बोलू नगा."

"मी बोलत न्हाई. तूच बोलायचीस. नजर म्हंजी डोळं दुखायचं लक्षान, आसं म्हनायचीस."

"तवा बाळ पेटीत न्हवतं!" ती एवढ्यानं ओरडली की शेजारचा रेडिओ बारीक झाला. हनुमंतानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाहेर पायरीवर जाऊन पागोळ्या बघत बसला. पावसानं सगळा आठवडा तोंड मिटलं नव्हतं.

खोळीत तिनं आपली दोन जुनी लुगडी भरली, पुन्हा शिवली, वर पिवळा टाकाही मारला. बाळाचे कपडे कापडी पिशवीत कोंबले. आता ही पिशवी तळेगावची गाडी सुटायच्या आत घराबाहेर घालवायची होती. दार उघडते तर चाळीच्या तोंडाशी भांडीवाली. भागुबाईला वाटलं, सुटले.

"जुनं कपडं हायेत. भांडं नको, काय नको. तशीच ने."

भांडीवालीनं डोक्यावरची पाटी उतरवली, पिशवीत हात घातला आणि एक झबलं उजेडात धरलं. अजून दुकानाची घडी होती त्याला. तिनं ते नीट घडी करून परत ठेवलं.

"हे जुनं न्हाई, बाई."

"नवं हाय तर तुजा फायदाच हाय की."

"न वापरल्यालं बाळाचं कापड कुनी देतं का?" भांडीवालीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. "कवा गेलं?"

"गेलं न्हाई!" भागुबाईनं पिशवी हिसकावली. "जित्तं हाय. जित्तं हाय माजं बाळ!"

"मग मला का देती?"

भांडीवाली पाटी उचलून निघून गेली.

मग तिला ताजुन्निसा आठवली. चाळीच्या टोकाला घर, सून नुसरत नुकतीच बाळंत झालेली. मुलगीच. दारातूनच ताजुन्निसानं आवाज दिला, "या की भागूबाई! भिजलात वाटतं. नुसरत, खालाला खुर्ची दे. तेजलचं बाळ कसंय हो? मी रोज दुवा करते."

"हाय. बघू म्हनत्यात."

"होईल बरं. हमारा बेटा अरबाज नव्हता का, एवढुसा होता. आता बघा, दारात मावत नाही." ती हसली, आणि भागुबाईच्या मांडीवर तिनं नात आणून ठेवली. गरम, जड, दुधाचा वास येणारी. पोरीनं भागुबाईचं बोट पकडलं आणि सोडेना.

"पिशवीत काय आणलंत?"

भागुबाईनं पिशवी पायानं खुर्चीखाली सरकवली. बोट पोरीच्या मुठीतच होतं. आपल्या नातीला जे भोवलं म्हणून बाहेर काढायला निघालो, ते या पोरीच्या अंगावर चढवायचं? आणि वर ताजुन्निसानं म्हणायचं, भागूबाईनं किती प्रेमानं दिलं!

"काय न्हाई. चिंध्या हायेत," ती म्हणाली. पोरीला आईकडं दिलं, पिशवी उचलली आणि पावसात उतरली.

स्टेशनवर तिनं पिशवी बाकावर ठेवली आणि मागं न बघता चालू लागली. डब्यात पाय ठेवते तोच एक कॉलेजची पोरगी धापा टाकत आली. "मावशी, पिशवी विसरलात!" अख्खा डबा पोरीकडं कौतुकानं बघायला लागला. भागुबाईनं पिशवी घेतली. 'बरं केलंस बाळा' म्हणायला हवं होतं. तिच्या तोंडून हुंदका आला.

गाडी मळवली, कामशेत सोडून तळेगावला आली. दवाखान्याच्या जिन्याखाली चपलांची मांडणी होती. तिच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात भागुबाईनं पिशवी कोंबली, वर ओली छत्री टाकली, आणि बगलेत उशी धरून वर गेली.

तेजल भिंतीकडं तोंड करून पडली होती. उशी बघून उठून बसली. दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली. मग तिची बोटं खोळीवरून फिरायला लागली. दाबत, चाचपत. थांबली.

"आई, ही माझी उशी नाही."

"तुजीच हाय की. बघ, पिवळी फुलं."

"खोळ माझी आहे. आतलं कुठंय?"

"आतलं काय?"

"आई." तेजलनं तिच्याकडं सरळ बघितलं. "झबली कुठं आहेत? ती गाठीची टोपडी? लाल मोजे?"

भागुबाई खाटेच्या कडेवर बसली.

"तुला ठावं हुतं?"

"तू कामावर गेलीस, आबा झोपले, की मी रोज उसवायचे. एकेक काढून पोटावर ठेवून बघायचे. तू यायच्या आत परत शिवायचे. तुझीच लेक आहे ना! बोलायचं नाही, शिवून टाकायचं." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "त्या पेटीत मला बोटसुद्धा लावू देत नाहीत धड. दूध काढून देते तेही नळीतून जातं. तिला नाव नाही, काही नाही. या जगात तिचं म्हणून जे काय आहे ते त्या उशीत होतं, आई. म्हणून मागवली. दगडासारख्या उशीचं नुसतं निमित्त."

"मी... मी आधी घेतलं ना गं. सगळी म्हनत हुती, घेऊ नगं. मी आयकलं न्हाई. मला वाटलं, ती कापडं लांब गेली तर..."

"तर काय?"

"तर ती जगंल."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पाठ फिरवली.

"टाकलेस?" तेजलनं विचारलं.

"टाकलं न्हाई. टाकता येईना."

"पण निघाली होतीस ना टाकायला?"

"व्हय."

"म्हणजे तू ठरवलंस." तेजलचा आवाज अगदी खाली गेला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "डॉक्टर अजून बघू म्हणतात. प्रज्ञेश कंपनीतून सुटला की त्या काचेला नाक लावून उभा राहतो. आणि तू माझ्या पोरीचे कपडे आवरायला निघालीस. असे कपडे कधी आवरतात, माहितीये ना तुला?"

सकाळी भांडीवालीनं हेच विचारलं होतं. तेव्हा भागुबाई चिडली होती. ती उठली. जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी गाळत खाली आली. मांडणीत हात घातला. छत्री होती. पिशवी नव्हती.

तिनं सगळ्या चपला उपसल्या. कुणाचे बूट, कुणाच्या स्लिपरा, सगळं फरशीवर. "माजी पिशवी! आवं, माजी पिशवी कुनी बघितली का?"

"ओ मावशी, काय चाललंय?" वॉचमन धावत आला. "ही का? बेवारशी सामान ठेवायचं नसतं इथं. उघडून बघावं लागलं मला." त्यानं टेबलाखालून पिशवी काढली, पण लगेच हातात दिली नाही. "बाळाचे कपडे कुणी चपलांत ठेवतं का हो? शोभतं का?"

"न्हाई," भागुबाई म्हणाली. "न्हाई शोभत. द्या हिकडं."

ती पुन्हा वर गेली ती थेट पेटीच्या खोलीच्या दारावर. सिस्टरनं दार बोटभर उघडलं.

"सिस्टर, बाळाची कापडं आनल्यात."

"आत्ता तिला काही घालत नाही, आजी. आणि नवे कोरे तर चालणारच नाहीत. धुऊन, पूर्ण सुकवून आणा."

"ह्या पावसात? कुटं सुकवू?"

"ते तुम्ही बघा." सिस्टर दार लावता लावता थांबली. "टोपी आणि मोजे आधी करा. लागले तर लागतील."

लागले तर. भागुबाईनं ते दोन शब्द मुठीत धरले आणि बाथरूममध्ये गेली. हात धुवायच्या साबणानं एकेक कापड चोळलं, दुकानाची खळ जाईपर्यंत खळबळून काढलं, पिळलं. आणि मग बाहेरच्या हॉलमध्ये, जिथं सगळ्यांचे नातेवाईक बसतात, तिथं पंख्याखालच्या खुर्च्यांच्या पाठीवर तिनं ते कपडे वाळत घातले. पिवळी झबली, गाठीची टोपडी, लाल मोजे, दुपटी. माणसं बघत होती. कुणी उठून दुसरीकडं जाऊन बसलं. आयुष्यभर एक चिंधी जिनं कुणाच्या नजरेला पडू दिली नाही, तिचा सगळा माल उघड्यावर मांडलेला होता. टोपडं तिनं हातातच धरलं, पंख्याकडं करून झटकत राहिली.

"हे काय?"

येसूबाई. डबा हातात, पदर भिजलेला. त्यांनी या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत सगळं बघून घेतलं.

'आत्ताच घेतलं, बाजारातनं,' एवढं म्हटलं की भागत होतं. बाजार समोरच होता.

"दिवस गेलं तवाच घेतलं हुतं," भागुबाई म्हणाली. "तुमी इचारलं तवा खोटं बोलले मी."

येसूबाई खाली बसल्या. डबा मांडीवर ठेवून त्याची कडी उगाच उघडली, लावली.

"पिवळं कशाला घेतलं? लगेच मळतं," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसता पुसता, पदरातूनच बोलल्या, "मी वाळं घेऊन ठेवल्यात. चांदीचं. उन्हाळ्यातच घेतलं. तांदळाच्या डब्यात हायेत, प्रज्ञेशला सुदिक ठाव न्हाई. रोज डब्यात हात घातला की माजा जीव जातो. म्हनून तर इचारलं तुमाला. वाटलं, तुमी व्हय म्हनाल... म्हंजी मी एकलीच न्हाई आसं तरी व्हईल."

"आन मी न्हाई म्हनले."

"न्हाई म्हनलात. मग सगळं माज्याच बोकांडी आलं की वो."

दोघी एकमेकींकडं बघेनात.

"उद्या आना वाळं," भागुबाई म्हणाली.

"तिच्या पायात राहतील व्हय? पाय तरी केवढा. माज्या आंगठ्याएवढा."

"आना तरी. तेजलपाशी देऊ. तिला धराय काय तरी पायजे."

दार उघडलं. हॉलमधली सगळी माणसं एकदम ताठ झाली. सिस्टरनं इकडंतिकडं बघितलं, खुर्च्यांवरच्या त्या पिवळ्या रांगेवर तिची नजर अडकली, आणि तिला भागुबाई दिसली. येसूबाईंनी विचारलं, "बाळ?"

"तसंच आहे. वजन सकाळी होतं तेवढंच. उतरलेलं नाही." सिस्टर दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुकारत पुढं गेली.

"उतरल्यालं न्हाई म्हनली," येसूबाई म्हणाल्या. "आयकलं न्हवं?"

"आयकलं."

भागुबाईनं टोपडं उलटं केलं. शिवण अजून ओली होती. तिनं ते गालाला लावून बघितलं आणि पुन्हा पंख्याखाली धरलं.